कोयनेची थकबाकी

पावसाळा लागला की कोयनेचा पाणीसाठा रोज छापून येतो. आकडा दशांश चिन्हापुढच्या दोन घरांपर्यंत असतो. आवक किती क्युसेक, सांडव्याचे दरवाजे किती फुटांवर, पायथा वीजगृहातून विसर्ग किती, सगळं असतं. साताऱ्या-सांगलीतल्या शाळकरी पोरालाही १०५.२५ टीएमसी ही क्षमता तोंडपाठ असते. या पाण्याखाली ज्यांची घरं गेली त्यांच्यापैकी किती कुटुंबांना पर्यायी जमीन मिळाली आणि किती अजून रांगेत आहेत, हा आकडा मात्र कुठल्याच पानावर नसतो. धरण १९६४ साली पुरं झालं. तेव्हा आईच्या कडेवर बसून ज्यांनी गाव सोडलं ती माणसं आज साठी ओलांडून कलेक्टर कचेरीत हेलपाटे घालतायत.

सह्याद्रीत पुन्हा धरणांची हवा आहे. राज्याचं उदंचन धोरण आलं आणि वरच्या तलावातून खालच्या तलावात पाणी सोडून वीज करणाऱ्या प्रकल्पांची रांग लागली. त्यातले काही साताऱ्याच्याच डोंगरात आहेत. नदीजोड आहेच. प्रत्येकाचं अंदाजपत्रक तयार आहे: सिमेंट, पोलाद, बोगदे, यंत्रं, व्याज. भूसंपादनाची एक ओळ असते आणि ती एकदाच भरायची असते. माझं भांडण त्या एका ओळीशी आहे. वरच्या गावांनी धरणाची किंमत एकदाच मोजून विषय संपला, असं या राज्यात कुठेही घडलेलं नाही. कोयनेच्या खोऱ्यानं ती चार वेळा मोजली.

पहिला हप्ता जमिनीचा. काम १९५६ ला सुरू झालं तेव्हा पुनर्वसनाचा कायदा नव्हता. होता तो इंग्रजांचा १८९४ चा भूसंपादन कायदा. सरकारनं म्हणावं, गाव खाली करा, शेतकऱ्यानं करावं. महाराष्ट्राचा पहिला पुनर्वसन कायदा आला १९७६ साली, म्हणजे कोयनेचं धरण पुरं झाल्यावर बारा वर्षांनी. पाटण, जावळी, महाबळेश्वर या तीन तालुक्यांतली शंभराच्या आसपास गावं आणि नऊ हजारांच्या वर कुटुंबं या मधल्या काळात उठली. बुडाली ती नदीकाठची भातखाचरं, म्हणजे खोऱ्यातली सगळ्यात कसदार जमीन. उरला तो नाचणी-वरीचा वरकस उतार. मोबदला रोख, आणि तोही डोंगराळ मुलखाच्या दरानं.

लोक पांगले. कुणी सांगलीत, कुणी सोलापूरच्या कोरड्या माळावर, कुणी रत्नागिरी, रायगड, ठाण्याला. एका भावकीची घरं वेगवेगळ्या जिल्ह्यांत गेली. पाच हजार मिलिमीटर पावसात भात लावणाऱ्या माणसाला पाचशे मिलिमीटरच्या रानात नेऊन सोडायचं आणि त्याला पुनर्वसन म्हणायचं, हे आपल्या राज्यानं केलं आहे. पुष्कळ जण गेलेच नाहीत. पाणी चढत गेलं तसे ते डोंगर चढत गेले आणि बुडीत रेषेच्या वर नवी घरं बांधून राहिले. सरकारी कागदावर ते उठलेले होते, प्रत्यक्षात तिथेच होते. हा फरक पुढे त्यांना फार महागात पडला.

दुसरा हप्ता ११ डिसेंबर १९६७ चा. पहाटेचे सव्वाचार वाजून गेले होते. रिश्टर मापनावर सहाच्या वर तीव्रतेचा धक्का बसला, पावणेदोनशेच्या घरात माणसं गेली, कोयनानगरची बहुतेक घरं जमीनदोस्त झाली, मुंबईची वीज गेली. दख्खनचं पठार म्हणजे हलणार नाही अशी जमीन, हा तोवरचा समज. कोयनेच्या शिवसागर जलाशयात पाणी साठू लागल्यावर परिसरात बारीक धक्के सुरू झाले होते, तरी कुणाला एवढ्या मोठ्या धक्क्याची कल्पना आली नाही. आज जगातल्या भूकंपशास्त्राच्या पुस्तकांत जलाशयानं चाळवलेल्या भूकंपाचं सगळ्यात ठळक उदाहरण कोयनेचं आहे. साठलेलं पाणी खोल भेगांत मुरतं, तिथला दाब वाढवतं, खडकांची एकमेकांवरची पकड सैल होते आणि आधीच ताणाखाली असलेला भ्रंश सरकतो. ताण पृथ्वीचा, निमित्त पाण्याचं. तेव्हापासून पाचच्या वर तीव्रतेचे वीसहून अधिक भूकंप या पट्ट्यात झाले. १९८५ ला शेजारी वारणेचं धरण भरायला लागलं आणि काही वर्षांत धक्के तिकडे, दक्षिणेला सरकले.

धरणाच्या भिंतीला १९६७ मध्ये आडव्या भेगा गेल्या होत्या. भिंत नंतर मागून आधार देऊन भक्कम केली. कोयनेच्या परिसरात केंद्र सरकारनं संशोधनासाठी तीन किलोमीटर खोल भोक घेतलं, त्यावर आज चांगलं काम चालतं. दोन्ही गोष्टी योग्यच झाल्या. पण मूळ अंदाजपत्रकात या भूकंपाला जागा नव्हती, आणि नंतर कुणी तो धरणाच्या खर्चात मिळवलाही नाही. भिंत दुरुस्त झाली धरणाच्या खात्यातून. ज्यांच्या मातीच्या भिंती पडल्या त्यांना मिळाली आपत्तीची मदत. जे पाण्यानं चाळवलं ते निसर्गाच्या नावावर टाकलं की खर्चपत्रक स्वच्छ राहतं.

तिसऱ्या हप्त्यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण तो आजही वसूल होतो आहे.

१९८५ साली कोयनेच्या दोन्ही काठांवर अभयारण्य जाहीर झालं. २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला, त्या यादीत कोयना आहे. जंगल अस्सल आहे. गवे आहेत, अस्वलं आहेत, शेकरू आहेत, कड्याकपारीत देवराया आहेत. ते राखलं पाहिजे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण हे जंगल टिकलं कसं, ते नीट पाहा. शिवसागराचं पाणी पन्नास किलोमीटर आत शिरलं, रस्ते तुटले, माणसं उठली, लाकूडतोडीला वाट राहिली नाही. जे मागे राहिले ते थोडे होते आणि थोडक्यात भागवत होते. म्हणजे या जंगलाची किंमतही याच लोकांनी भरली. बक्षीस म्हणून मिळाला अभयारण्याचा नियम. रस्त्यावर खडी टाकायची तर वन खात्याचा दाखला. विजेचा खांब उभा करायचा तर प्रस्ताव वर. कागदावर गाव उठलेलं असल्यानं सातबारा नाही, सातबारा नाही म्हणून योजना नाही, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा करायचा तर रहिवासाचा पुरावा कुठून आणायचा? तो पाण्याखाली आहे. काही गावांना व्याघ्र प्रकल्पासाठी दुसऱ्यांदा उठायला सांगण्यात आलं.

शिवसागराच्या काठच्या कांदाटी खोऱ्यात आजारी माणसाला न्यायचं तर लाँच गाठायची, पलीकडे तापोळ्याला उतरायचं आणि तिथून घाट चढून महाबळेश्वरला जायचं. गाडी पार करायची तर तराफ्याची वाट बघायची. रात्री पोट दुखायला लागलेल्या बाळंतिणीला हे अंतर किती, ते नकाशावर मोजता येत नाही. याच काठच्या दरे गावचे एकनाथ शिंदे अडीच वर्षं मुख्यमंत्री होते. त्या काळात खोऱ्याकडे लक्ष गेलं आणि कामं मंजूर झाली, हे खरंच आहे. पण एका खोऱ्याला रस्ता मिळायला तिथलाच माणूस मुख्यमंत्री व्हावा लागत असेल, तर ज्या खोऱ्यातून मुख्यमंत्री निघणार नाही त्यांनी काय करायचं?

आणि आता पर्यटन. मुनावळ्याला जलपर्यटन केंद्र झालं. नवीन महाबळेश्वर म्हणून २३५ गावांचा आराखडा आला. ज्या जलाशयात सुरक्षेचं कारण सांगून वर्षानुवर्षं स्थानिकांच्या होड्या अडवल्या, तिथे स्पीडबोट चालू शकते. ज्या उतारावर धरणग्रस्ताला घराची दुरुस्ती करायला परवानगी मिळत नाही, तिथेच रिसॉर्टचा विचार होऊ शकतो. रोजगार येईल म्हणतात. येऊ दे. पण मालकी कुणाची, हे आधी ठरवा. साठ वर्षांपूर्वी ज्यांची खाचरं घेतली त्यांच्या नातवानं त्याच पाण्यावर दुसऱ्याच्या हॉटेलात ताटं उचलावी, याला विकास म्हणायला मी तयार नाही.

चौथा हप्ता पाण्याचा, आणि तो एकट्या वरच्या गावांवर पडलेला नाही. कोयना ही कृष्णेची उपनदी. तिचा पाऊस पूर्वेला जायचा. वीज करण्यासाठी दरवर्षी ६७.५ टीएमसी पाणी बोगद्यातून पश्चिमेला, पोफळीच्या वीजगृहात सोडायला कृष्णेच्या पाणीवाटपाच्या बच्छावत लवादानं मान्यता दिली. टाटांच्या मुळशी-लोणावळ्याकडच्या तलावांतून आणखी चाळीसच्या वर टीएमसी असंच सह्याद्री उतरतं. कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातला शंभर टीएमसीहून जास्त पाऊस दर वर्षी असा पश्चिमेला जातो. कोयनेचं पाणी पोफळीनंतर कोळकेवाडीला आणखी एकदा वीज करतं, वाशिष्ठीत पडतं, थोडं कोकणाच्या कामी येतं आणि बाकीचं दाभोळच्या खाडीला मिळतं. इकडे माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला या त्याच कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातल्या तालुक्यांतली गावं जनावरं छावणीत बांधतात. कराडच्या प्रीतिसंगमाखाली टेंभूला बंधारा आहे. तिथून पाणी टप्प्याटप्प्यानं पंपांनी उचलून दुष्काळी टापूत नेतात, आणि पंपाचं वीजबिल थकलं की योजना बंद पडते. एकाच नदीचं पाणी एका बाजूनं खाली टाकून वीज करायची आणि दुसऱ्या बाजूनं वीज जाळून वर चढवायचं, ही रचना आपण वर्षानुवर्षं चालवली. तिचा फेरविचार मागितला की मुंबईच्या विजेचं काय, असा सवाल येतो.

तो सवाल रास्त आहे, म्हणून सरळ उत्तर देतो. कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट आहे. संध्याकाळी सगळ्या घरांत दिवे लागतात तेव्हा काही मिनिटांत चालू होऊन मागणी पेलणारी ही वीज आहे. महाराष्ट्राची कारखानदारी तिच्यावर उभी राहिली. धरण बांधायला नको होतं, असं मी म्हणत नाही. त्याची थकबाकी द्या, एवढंच म्हणतो. ज्याला धरणाचा एवढा अभिमान आहे त्यानं हे बिल सगळ्यात आधी भरायला पाहिजे.

कोयना अपवाद आहे, असंही कुणी समजू नये. मुळशीत १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापटांनी तो लढवला. तिथे जमिनी सावकारांकडे अडकलेल्या होत्या, मोबदल्यावर तडजोड करायला सावकार तयार झाले, कसणारे देशोधडीला लागले. नर्मदेवर सरदार सरोवरासाठी नंदुरबारच्या अक्कलकुवा आणि अक्राणीतली ३३ आदिवासी गावं गेली. मणिबेली त्यात पहिलं. त्याबदल्यात महाराष्ट्राला विजेचा २७ टक्के वाटा आहे. तिथे निदान १९७९ च्या लवादानं जमिनीच्या बदल्यात जमीन हे तत्त्व लिहून ठेवलं होतं. तेवढं पदरात पाडून घ्यायलाही तिथल्या लोकांना गुडघाभर पाण्यात उभं राहावं लागलं. विदर्भात गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ ला झाली तेव्हा खर्च ३७२ कोटी होता, तो अठरा हजार कोटींवर गेला. नागपूरचं सांडपाणी नागनदीतून वाहत त्या जलाशयात येतं. आणि तेच पाणी पश्चिम विदर्भात नेण्याच्या वैनगंगा-नळगंगा जोडप्रकल्पाला २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

महाराष्ट्रात दोन हजारांवर मोठी धरणं आहेत, देशातल्या धरणांच्या एक तृतीयांशाहून जास्त. प्रत्येकाची उंची, लांबी, साठवण नोंदलेली आहे. धरणांसाठी देशभर एकूण किती माणसं उठवली, याचा सरकारनं मान्य केलेला एकत्रित आकडा नाही. जागतिक धरण आयोगानं २००० साली जगातल्या धरणग्रस्तांची संख्या चार ते आठ कोटी धरली. खालच्या आणि वरच्या अंदाजात चार कोटी माणसांचा फरक. एवढ्या माणसांची नोंद राहून गेली, यावरूनच नोंद करणाऱ्यांच्या लेखी त्यांचं मोल कळतं.

लोकांनी वाट दाखवली नाही, असंही नाही. ‘आधी पुनर्वसन, मगच धरण’ ही घोषणा या राज्यातच घडली. बाबा आढाव, दत्ता देशमुख, नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांच्यासारख्यांनी तिच्यासाठी उभी हयात घातली आणि १९७६ चा कायदा, लाभक्षेत्रातली जमीन, गावठाणातल्या अठरा नागरी सुविधा हे सगळं या रेट्यातून आलं. येरळेच्या काठी खानापूर तालुक्यात तांदुळवाडी-बलवडीच्या लोकांनी नदीतली थोडी वाळू विकून आणि श्रमदान करून बळीराजा स्मृती धरण बांधलं, आणि पाणी वाटताना भूमिहीनालाही हिस्सा ठेवला. लहान धरण आहे, कोयनेची जागा घेणार नाही. पण पाण्याचा विचार करताना शेवटच्या माणसापासून सुरुवात करता येते, हे दुष्काळी तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी स्वतः करून दाखवलं. सरकारला तेवढंही जमलेलं नाही.

२०१८ मध्ये कोयनानगरला धरणग्रस्तांनी मोठा ठिय्या दिला. म्हातारी माणसं उन्हात मांडवाखाली बसली. बैठका झाल्या, समित्या नेमल्या, याद्या करायचं ठरलं. यादी करायला साठ वर्षं का लागतात, याचं कारण सरळ आहे: उशिराचा दंड खात्याला बसत नाही. जमीन मिळायला उशीर झाला तर नुकसान धरणग्रस्ताचं. वीज रोज विकली जाते, तिचे पैसे रोज जमा होतात. खात्याला घाई कशाला असेल?

म्हणून घाई वाटेल अशी तरतूद करा. केंद्राच्या २००८ च्या जलविद्युत धोरणात ती लिहिलेली आहे: नव्या प्रकल्पानं प्रत्येक बाधित कुटुंबाला दहा वर्षं महिन्याला शंभर युनिट वीज किंवा तिचे पैसे द्यायचे. कोयना जुनी म्हणून तिला हे लागू नाही. ते लागू करायला राज्याला कुणी अडवलेलं नाही. आपणच गणित मांडू. नऊ हजार कुटुंबं, महिन्याला शंभर युनिट, म्हणजे वर्षाला एक कोटी आठ लाख युनिट. पश्चिमेला सोडलेल्या पाण्यावर कोयना वर्षाला अडीचशे कोटी युनिटच्या आतबाहेर वीज देऊ शकते. मागणी अर्ध्या टक्क्याचीही होत नाही. कुटुंबं वाढून चौपट झाली असं धरलं तरी दोन टक्क्यांच्या आत. शिवाय विकलेल्या युनिटमागे दहा पैसे बाजूला काढले तर वर्षाला पंचवीस कोटी उभे राहतात: लाँच, दवाखाना, रस्ता, जमीन विकत घेणं, या सगळ्यासाठी. प्रत्येक कुटुंबाला जमिनीचा ताबा मिळेपर्यंत हे चालू ठेवा. मग पाहा यादी किती महिन्यांत पुरी होते.

यासाठी नवा कायदा लागत नाही. धरण जलसंपदा खात्याचं, वीजगृह चालवते महानिर्मिती, दर ठरवतो वीज नियामक आयोग, आणि वनहक्काचे दावे निकाली काढणारी जिल्हा समिती कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली बसते. चौघंही याच राज्यात बसतात.

तोवर साताऱ्याच्या डोंगरातल्या लोकांसाठी एक सूचना. उदंचन प्रकल्पांच्या जनसुनावण्या तुमच्या तालुक्यात होतील. मंचावर नकाशे लागतील, पर्यावरणाचा अहवाल वाचून दाखवतील, नोकऱ्यांची आश्वासनं देतील. कुणीतरी उठून पहिला प्रश्न कोयनेच्या यादीचा विचारा: गावागणिक, नावागणिक, कुणाला किती जमीन दिली आणि कुणाची राहिली. ती चावडीवर लावल्याशिवाय पुढचा विषय घेऊ देऊ नका. उत्तर लेखी मागा, आणि ते हातात पडेपर्यंत हजेरीच्या कागदावर सही करू नका.